पोरींचं पुस्तक

भादव्याची झड लागली आणि केळीच्या बागेत हरण्या रोग शिरला.

आधी म्हाताऱ्या प्रभाकरला एकाच रोपावर दिसला. दोन महिन्यांचं टिश्यूचं रोप, कमरेला लागेल एवढं वाढलेलं, आणि मधल्या कोवळ्या पानावर पिवळे पट्टे. त्याने पान दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं, सोडलं, हात धोतराला पुसला आणि घरी कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तशी चाळीस रोपं झाली, तेव्हा सांगावंच लागलं. शाहपूरचा औषधवाला आला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही.

"काका, औषधानं मावा मरीन, रोप नाही वाचणार. दिसलं की उपटा, पोत्यात घाला, भाईर नेऊन गाडा. एक ठेवलं तर आजूबाजूची पंचवीस जातात. दया-माया करू नका."

सगळ्यांच्याच बागेत रोग, त्यामुळे मजूर कोणाला मिळेना. अख्खं घर बागेत उतरलं. मुलगा धर्मेंद्र पाठीवर फवारणीचा पंप घेऊन, म्हातारा कुदळ घेऊन, आणि सून रंजिता पोती घेऊन. चिखलात पाय पोटरीपर्यंत रुतायचे. उपटलेलं रोप कंदासकट उचललं की मातीचा गोळा धपकन पायावर पडायचा. पोत्याचं तोंड आवळायचं, म्हणजे मावा उडून दुसरीकडे बसत नाही. पोतं डोक्यावर घ्यायचं आणि नाल्याकाठच्या खड्ड्यापाशी जायचं. दहाव्या खेपेला तिची मान ताठली. ती बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातली, बी.ए. झालेली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण गावातल्या बायका अजून म्हणायच्या, "हिच्यानं नाही व्हणार." म्हणून ती कोणाआधी बसायची नाही.

डोक्यावर पोतं असलं तरी डोळा कडूवर. कडू म्हणजे तिचा नऊ वर्षांचा मुलगा. शाळेत नाव ललित, घरात कडू. तो पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्याखाली, खांद्यावर पोत्याची खोळ घेऊन पुस्तक वाचत बसला होता. ओठ हलत होते. ओठ हलताना दिसले की रंजिताचा जीव खाली बसायचा.

कारण हे पोर चार वर्षांचं होईतो बोललंच नव्हतं. शाळेत घातल्यावर सरांनी 'इसका कुछ नहीं होगा' म्हणून मागच्या रांगेत बसवलं. रंजिताने काय नाही आणलं? मोटारींची चित्रं, सैनिकांच्या गोष्टी, पैलवानांच्या गोष्टी. तो पानं उलटायचा आणि पुस्तक खाटेखाली सरकवायचा. मग या उन्हाळ्यात तिने माहेरची पेटी उघडली. त्यात तिला सहावीत बक्षीस मिळालेलं पुस्तक निघालं. कव्हरवर दोन वेण्यांची मुलगी. कडूने ते घेतलं ते सोडलंच नाही. त्यात सगुणा नावाची मुलगी होती, तिची एका डोळ्याने आंधळी शेळी होती. शेळी हरवते कशी, सापडते कशी, हे कळायला पुढचं वाचावं लागतं, आणि पुढचं वाचायला अक्षरं जुळवावी लागतात. तीन महिन्यांत पोर भराभरा वाचायला लागलं. जेवताना बोलायलाही लागलं.

दुपारी मोतीलाल मुकादम चार माणसं घेऊन अर्ध्या दिवसापुरता आला. चहाला सगळे पत्र्याखाली जमले.

"काय रे कडू, काय वाचून राहिला? आम्हाले बी आयकव," मोतीलाल म्हणाला.

कडू लाजला नाही. त्याने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "मग सगुणेने बाहुलीला पिवळं लुगडं नेसवलं. शेळी म्हणाली, आता मला कोण नेसवणार?"

माणसं खो खो हसली. कडूही हसला. मोतीलालने पुस्तक हातातून घेऊन उलटं केलं आणि कव्हरवरची अक्षरं जुळवली. "मुलीं... साठी... निवडक गोष्टी. अरे बाप रे! प्रभाकरभाऊ, इथं आपण रोपं उपटून राहिलो आन तुमचा नातू बाहुलीचं लगीन लावून राहिला. आम्हाले बी पत्रिका द्या!"

"पत्रिकेत नाव काय टाकायचं, कुमार का कुमारी?" दुसरा म्हणाला.

धर्मेंद्र चार हातांवर उभा होता. पंपाचा दांडा त्याच्या हातात तसाच वरखाली होत राहिला आणि एकाच रोपावर औषध पडत राहिलं, पानांवरून ओघळून मातीत गेलं तरी. म्हाताऱ्याने चहाचा कप पालथा केला.

"पुढं वाचू?" कडूने विचारलं. सगळे शेळीला हसले, असं त्याला वाटत होतं.

संध्याकाळी ताटावर धर्मेंद्रने विषय काढला. आवाज चढवला नाही, भाकरीकडे बघत बोलला.

"ते पुस्तक कोणी दिलं त्याले?"

"माझं आहे. शाळेत बक्षीस मिळालं होतं."

"तुझं आहे ना? मग तू वाच."

"अहो, त्याच्यामुळे वाचायला लागला तो. तुम्ही मोटारींचं आणलं होतं, हात लावला का त्याने?"

"न लावू दे. नाही वाचलं तर काय मरते का माणूस? मी कोणतं वाचलं?" तो पाणी प्यायला. "मोतीलाल उद्या साऱ्या शाहपुरात सांगीन. बाजारात बसतो तो."

"बाग चालली त्याचं काही नाही," म्हातारा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "बाग साऱ्यांचीच चालली. पण मजूर पत्र्याखाली बसून हसून गेले."

रंजिताला राहवलं नाही. "बाबा, याचं नाक कोणी टोचलं? चार वर्षं फ्रॉक कोणी घातला? वेणी कोणी घातली? तुम्हीच सगळ्या गावाला सांगत होते ना, पोरगी झाली म्हणून?"

ते खरं होतं. कडूच्या आधीची दोन गेली होती. एक जन्मतःच, एक आठव्या दिवशी. तिसऱ्याच्या वेळी सासूने, धुरपदाबाईने, बोलून ठेवलं होतं. नाव कडू, म्हणजे कडू वस्तूला कोणी तोंड लावत नाही; आणि वेश पोरीचा, म्हणजे मरण आलं तरी पोरगा शोधेल आणि परत जाईल. चार वर्षांनी तापीवर राजघाटाला नेऊन केस उतरवले, नथनी नदीत सोडली. नाकपुडीचं भोक मात्र राहिलं, तिळाएवढं.

धुरपदाबाई चुलीपुढून वळली. रागावली नव्हती. खरंच समजावून सांगावं तशी म्हणाली, "माय, ते मरण चुकवायले केलं व्हतं. हे काय चुकवायले आहे?"

बी.ए.ला तीन वर्षं रंजिताने जे काही वाचलं होतं त्यात या प्रश्नाचं उत्तर कुठेतरी असेल, पण त्या वेळी हातात आलं नाही. कडू ताटातली मिरची बाजूला काढत होता. त्याने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि बोट नाकाला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक काम केलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. कडूच्या मागच्या वर्षीच्या गणिताच्या पुस्तकाचं कव्हर ब्लेडने सोडवलं आणि गोष्टींच्या पुस्तकावर खळीने चिकटवलं. दोन वेण्यांची मुलगी झाकली गेली.

"कोणी विचारलं तर गणित सांगायचं."

"पण गणित नाही आहे ते."

"सांगायचं तसं. आणि लोकांपुढे मोठ्याने नाही वाचायचं. मनात वाचायचं."

"काहून?"

"मी सांगते म्हणून."

त्याने पुस्तक घेतलं. पण दिवसभर तिला दिसत राहिलं की त्याचं वाचणं बदललंय. आधी तो कुठेही मांडी घालून बसायचा. आता भिंतीला पाठ लावायचा. दारात सावली आली की पान मिटायचा. आजीने हाक मारली तर आधी पुस्तक पोटाखाली, मग "काय". शेळी सापडली का, हे त्याने तिला सांगितलं नाही. तिने विचारलं तर म्हणाला, "गणितात कुठं शेळी राहते?" आणि हसला नाही.

शनिवारी दुपारी ती बागेतून आली तर शेजारची तृप्ती ओट्यावर उभी. तृप्ती देवरामची पोर, पाचवीतली, कडूच्याच शाळेत, तोंडाने फटाकडी.

"काकू, कडूले आज सरांनी पकडलं."

"पकडलं म्हणजे?"

"बालसभा होती ना, तर सर म्हणे, आधी गणित निकालो, पहाडे होऊन जाऊ द्या. कडूनं दप्तर नाही उघडलं. सरांनी स्वतः काढलं. वरून गणित आन अंदर गोष्टी! सर म्हणे, 'अरे, ये तो चोरी है.' मंग कडू म्हणे, 'सर, गणितच आहे.' मंग तर सारेच हसले. सरांनी पहिलं पान वाचलं, मुलींसाठी निवडक गोष्टी, आन म्हणे, 'आइए ललितकुमारी, सामने आइए.' तसे मजाकमदी म्हणे, काकू, मारलं नाही. पण मंग पोरं सोडतात का? कुमारी, कुमारी. एक म्हणे, याले तर नथीचं भोक आहे, दाखव. धरून बी ठेवलं. दोघांनी हात आन एकानं नाक वर केलं."

"तू कुठे होतीस?"

तृप्तीने खाली पाहिलं. "मी बी हसली. मंग नाही हसली."

कडू आत, धान्याच्या कोठीच्या आडोशाला उकिडवा बसला होता. नाकपुडीवर खडूची पांढरी भुकटी लागली होती; कोणीतरी भोकात खडू खुपसून पाहिला होता. रंजिताने पदर ओला करून पुसायला हात पुढे केला. त्याने मान फिरवली.

"तूच म्हणे गणित सांग."

एवढंच बोलला. त्यानंतर त्या पुस्तकाबद्दल तो कधीच बोलला नाही.

धर्मेंद्रला ते शाहपूरच्या बाजारात कळलं. रंजिता दाराशी वाट पाहत होती, पण त्याने पोराला हात लावला नाही. उलट सोमवारी सकाळी त्याच्यासमोर उकिडवा बसला, त्याच्या शर्टाची बटणं नीट लावली. "शाळेत नाही जायचं आज. चाल माह्यासंगं." कडू निमूट उठला. एका हातात छोटी कुदळ, दुसऱ्यात पोतं.

ते पाच दिवस रंजिता मागे मागे पोती वाहत दोघांना बघत राहिली. म्हातारा नातवाला शिकवत होता. "हे पाह्य. वरून हिरवंगार दिसते, पण मधलं पान पाह्य. पट्टा दिसला? मंग उपट. विचार करू नको. मोठं असो का लहान." पहिल्या दिवशी कडू प्रत्येक रोपापुढे थांबायचा. एकदा म्हणाला, "आजोबा, याले एकच पट्टा आहे. ठेवू ना?" म्हाताऱ्याने त्याच्या हातावर हात धरून कुदळ मारली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या वासाने त्याला बांधावर उलटी झाली. रंजिता धावली तर धर्मेंद्रने लांबूनच हात केला, थांब. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर केळीचा चीक बसून हात काळे पडले. रात्री आजी खोबरेल लावायची आणि म्हणायची, "आता कसा हात दिसते माणसाचा." चौथ्या दिवशी तो रोपापुढे थांबला नाही. पाचव्या दिवशी बापाच्या आधी त्यालाच पट्टे दिसायला लागले. मोतीलाल आला तेव्हा त्यानेही पोराच्या हाताची तारीफ केली, "पाह्य रे! एका झटक्यात कंद भाईर." धर्मेंद्र पंप जरा ताठ धरून चालला.

घरी पुस्तक तसंच दप्तरात होतं. रंजिताने ते काढून उशाखाली ठेवलं. पुढच्या आठवड्यात एका दुपारी जरा उघडीप होती, बाकीचे बागेत, कडू पायाला काच लागली म्हणून घरी. तिला वाटलं, आपणच वाचावं. तो लहान असताना असंच तर केलं होतं. वाचत बसलं की तो हळूच सरकत यायचा, मांडीला टेकायचा. तिने त्याच्याकडे न बघता सुरुवात केली. "सगुणा नदीकाठी गेली. तिने हाक मारली..."

तो आला. अगदी जवळ आला. आणि त्याने आपला हात तिच्या तोंडावर ठेवला. चिकाचा, औषधाचा, रापलेल्या कातडीचा वास आला.

"मम्मी, गप. भाईर आयकू जाईन."

तिने त्याचं मनगट धरलं. काढलं नाही, नुसतं धरलं. दाराबाहेर कोणी नव्हतं. एक कोंबडी चिखल उकरत होती. तरीही तो दाराकडेच बघत होता, आणि तिच्या लक्षात आलं की तीही दाराकडेच बघतेय.

संध्याकाळी तिने वरचं गणिताचं कव्हर फाडून टाकलं आणि पुस्तक तृप्तीला दिलं. निदान कोणी तरी वाचेल. कडूने ते जाताना पाहिलं आणि पाणी प्यायला गेला.

त्याच आठवड्यात धर्मेंद्र औषध आणायला बुऱ्हाणपूरला गेला आणि येताना पोराला पुस्तक घेऊन आला. मोठं, चकचकीत, हिंदीतलं. जेसीबी, ट्रॅक्टर, विहीर खोदायचं यंत्र, क्रेन. दुकानदाराला विचारून आणलं होतं. "मी म्हणलं, भैया, नौ साल का लडका है, लडकोंवाली दो. त्यानं दोन मिंटात काढून दिलं." त्याने ते पावसापासून शर्टाच्या आत धरून आणलं होतं, छातीवर शर्ट कोरडा आणि बाकी चिंब. रंजिताला ते बघवलं नाही. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक विकत घेतलं होतं.

कडूने ते दोन्ही हातांनी घेतलं, "चांगलं आहे पप्पा" म्हणाला आणि कोठीवर ठेवून दिलं. तिने एकदा त्याला पहिलं पान वाचायला लावलं. तो जेसीबीचा जे, जेसीबीचा सी करत सुटा सुटा वाचत गेला, जून महिन्यात वाचायचा तसा. ओळ संपली तिथे थांबला.

"काय समजलं?"

"काही नाही."

"पुढचं वाच."

"पाय दुखून राहिला."

रविवारी दुपारी पाऊस थांबला. बागेतली तिसऱ्या हिश्श्याची रोपं गेली होती. उरलेल्यांत आता पट्टे दिसत नव्हते, म्हणून सगळे पहिल्यांदाच घरी बसले होते. धर्मेंद्र ओसरीत खाटेवर पाय वर करून, म्हातारा भिंतीला टेकून. धुरपदाबाई लसूण सोलत होती. कडू पायरीवर कुदळीला वाळलेली माती पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होता. रंजिता आत पीठ मळत होती, तिथून तिला सगळे दिसत होते. तिला सगळे दिसतील अशीच ती नेहमी बसायची.

तृप्ती आली. "काकू, हे झालं माझं. दोनदा वाचलं. दुसरं आहे का?"

"इतक्यात झालं?"

"मंग! शेळीचं तर..." ती बोलता बोलता कोठीपाशी गेली आणि थांबली. "अय्या, हे कोणाचं?" तिने चकचकीत पुस्तक उघडलंसुद्धा. उभ्या उभ्या पान उलटलं, दुसरं उलटलं, मग खालीच बसली. "काकू, पाहा ना, याचा हात कसा वर जाते ते लिहिलंय! नळीतून तेल जाते म्हणे, तेलाचा जोर! म्हणजे माणसाची ताकद लागतच नाही." ती भराभर हिंदीतलं मोठ्याने वाचायला लागली, न अडखळता, बोटही न ठेवता.

पायरीवरचा खरवडण्याचा आवाज थांबला. कडू आत आला.

"दे ते. माह्यं आहे."

"पाहून देते ना."

"पोरींचं नाही ते. पोराईचं आहे."

"तू वाचलं का?"

"नाही."

"वाचणार आहे का?"

"नाही."

"मंग दे ना मले. दोन दिवसात आणून देते."

"मी नाही वाचणार. पण तुले बी नाही देणार." त्याने पुस्तक ओढलं. तिने सोडलं नाही. त्याने दोन्ही हातांनी तिला ढकललं, कंद उपटताना अंग टाकायचा तसं सगळं अंग टाकून. तृप्तीचं कोपर कोठीच्या पत्र्यावर आपटलं. "जाय, घरी जाऊन भाकरी थाप."

मग खाटेवर धर्मेंद्र हसला. तीन आठवड्यांत या घरात कोणी हसलं नव्हतं. "अरे वा रे पठ्ठ्या!" म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला. धुरपदाबाईने लसणाची पाटी बाजूला सारली, कडूच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. "बापावर गेला माहा कडू. मी म्हणतच व्हती."

रंजिता पिठाचे हात घेऊन उठली. काही तरी बोलायचं होतं, काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याआधी छातीत काही तरी सैल झालं. बागेत मोतीलालने पुस्तक उलटं केलं तेव्हापासून आवळून बसलेलं. उद्या सोमवार. उद्या हा शाळेत जाईल. हात काळे, आवाज असा. आता याला कोणी धरणार नाही, कोणी नाक वर करणार नाही. आता हा वाचला.

तृप्ती कोपर चोळत तिच्याकडे बघत होती, काकू आता काय म्हणतात याची वाट बघत. तेव्हा रंजिताला कळलं की बाकीच्यांबरोबर आपलंही तोंड हसतंय.

"जाते काकू," तृप्ती म्हणाली.

कडूने पुस्तक न उघडता कोठीवर ठेवलं, या वेळी जरा उंच, हात पोचणार नाही असं, आणि पुन्हा पायरीवर जाऊन माती खरवडायला लागला.